४९,७१० दिवसांची तपासणी



माझ्या घरात एके काळी सकाळी दोन गोष्टी एकदम सुरू व्हायच्या. स्टोव्हवर चहाचं आधण आणि टेबलावर कॉम्प्युटर. चहा उकळायचा, गाळून व्हायचा, पिऊन व्हायचा, कपसुद्धा विसळून व्हायचा. कॉम्प्युटर आपला अजून उघडतोच आहे. ही गोष्ट २००५ सालची. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं सरकत असायची आणि त्यांत एक ओळ रोज नेमानं यायची. तिचा मराठीत अर्थ असा: 'ही डिस्क गेले ४९,७१० दिवस तपासलेली नाही, म्हणून सक्तीनं तपासत आहे.'

मी बी.ए. झालेला माणूस, त्यातून कविता लिहिणारा. हिशेबाशी माझं फारसं सख्य नाही. तरी एके दिवशी कागद घेऊन भागाकार केला. ४९,७१० दिवस म्हणजे १३६ वर्षं! म्हणजे १८६९ साल. आमचं दिघी गाव राजपुरी खाडीच्या तोंडाशी आहे. समोर आगरदांडा, अधूनमधून ये-जा करणारी फेरीबोट आणि पाण्यात उभा असलेला जंजिरा. १८६९ साली या खाडीवर सिद्दी नवाबांचं राज्य होतं. हार्डडिस्क नावाची वस्तू जगात आली तीच १९५६ साली. आणि माझा जुना, मुंबईहून सेकंडहँड आणलेला कॉम्प्युटर रोज सकाळी गंभीरपणे सांगत होता, की नवाबांच्या काळापासून मला कोणी तपासलेलं नाही.

मी हसलो आणि गप्प बसलो. त्या ओळीचा अर्थ तेव्हाच शोधला असता तर फार बरं झालं असतं. का, ते आज सांगतो.

त्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्‌स यानं १९९१ साली सुरू केलेली, कोणालाही मोफत घेता येणारी. माझा भाचा तेव्हा कॉलेजात शिकत होता. एका मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून त्यानं ती माझ्याकडे घातली. म्हणाला, "मामू, पैसे पडत नाहीत, व्हायरसची कटकट नाही, आणि तुम्हाला देवनागरीत लिहिता येईल." मला तेवढंच हवं होतं. वह्यांमधल्या कविता मी एकेक करून त्यात उतरवायला लागलो.

आता ही तपासणी म्हणजे काय, ते आधी पाहू.

डिस्क ही एक मोठी वखार समजा. तिच्यात सारख्या आकाराचे, नंबर घातलेले खण आहेत. माझी ती डिस्क ४० जीबीची होती. तिच्यात असे साधारण एक कोटी खण होते. माझी एखादी मोठी फाइल एका खणात मावत नाही; ती शेकडो, हजारो खणांत पसरलेली असते. मग कुठला माल कुठं आहे हे कळावं कसं? त्यासाठी प्रत्येक फाइलचं एक पत्रक असतं. हिचा माल अमुक अमुक खणांत आहे, एवढा आहे, अशी त्यावर नोंद. दुसरी एक यादी असते नावांची: 'पाऊस' नावाच्या फाइलचं पत्रक क्रमांक अमुक. आणि तिसरा असतो फळा, कोणते खण भरलेले आणि कोणते रिकामे हे सांगणारा.

या तिन्ही नोंदी एकमेकींशी जुळायला हव्यात. पत्रक म्हणतं खण भरलेला आहे आणि फळा म्हणतो रिकामा, असं झालं की धोका. फळ्यावर विसंबून कॉम्प्युटर त्या खणात दुसराच माल कोंबणार आणि आधीचा गेला. लिनक्स सुरू होताना एक छोटा कारकून या नोंदी ताडून बघतो. त्याचं नाव 'एफएससीके', म्हणजे फाइल सिस्टिम चेक. तो वखारीत पाच फेऱ्या मारतो. पहिल्या फेरीत सगळी पत्रकं, दुसरीत नावांच्या याद्या, तिसरीत या याद्या एकमेकींना नीट जोडलेल्या आहेत की नाहीत, चौथीत एकेका पत्रकाला किती नावं लावली आहेत, आणि पाचवीत तो फळा.

याला वेळ का लागतो? डिस्कच्या आत एक तबकडी फिरत असते आणि तिच्यावर सुईसारखा एक दांडा इकडून तिकडे जात असतो. चांगली डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते. तरीही दांडा हलणं आणि हवी ती जागा फिरत खाली येणं यात सेकंदाचा शंभरावा भाग तरी जातोच. म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर विखुरलेल्या जागा वाचून होतात. अशा एक लाख जागा वाचायच्या म्हटलं तर १,००० सेकंद, सतरा मिनिटं. कारकून आळशी नाही. त्याचं चालणंच फार आहे. आताच्या एसएसडी डिस्कमध्ये फिरणारं काहीच नसतं, म्हणून तिथं हेच काम पाहता पाहता उरकतं.

मग प्रश्न असा, की ही तपासणी कधी करायची? त्या काळच्या लिनक्समध्ये तीन प्रसंग ठरलेले होते. एक, कॉम्प्युटर नीट बंद न होता अचानक बंद पडला तर. दोन, डिस्क इतक्या वेळा वापरात आली की. हा आकडा वीस ते चाळीसच्या दरम्यान कुठेतरी असायचा. आणि तीन, मागच्या तपासणीला १८० दिवस झाले की.

यातला पहिला प्रसंग आमच्याकडे रोजचाच. भारनियमनाचे दिवस होते. वीज जाताना विचारून जात नाही. पण त्याचा इलाज तोवर निघालेला होता. रेमी कार्ड यांनी १९९३ साली 'एक्स्ट-टू' नावाची वखारीची पद्धत बसवली होती; तिच्यात वीज गेली की सगळी वखार धुंडाळावी लागायची. स्टीफन ट्वीडी यांनी तिच्यात सुधारणा करून 'एक्स्ट-थ्री' केली आणि २००१ साली ती लिनक्समध्ये आली. सुधारणा काय, तर आपल्या दुकानदारांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेली गोष्ट: कीर्द आणि खतावणी. खतावणीला हात लावण्याआधी काय करणार आहोत ते कीर्दीत लिहायचं. मध्येच वीज गेली, तर परत आल्यावर फक्त कीर्दीचं शेवटचं पान बघायचं. व्यवहार पुरा लिहिलेला असेल तर खतावणीत उतरवायचा, अर्धवट असेल तर सोडून द्यायचा. काही सेकंदांचं काम.

कीर्द आली तरी ती ठरावीक काळानं होणारी तपासणी का ठेवली? कारण कीर्द सांभाळते ती अर्धवट राहिलेल्या नोंदी. वखारीच्या भिंतीला लागलेली ओल तिला दिसत नाही. डिस्क झिजते, तार सैल होते, मेमरीची चिप बिघडून चुकीचंच लिहिते. हे हळूहळू आणि न बोलता होतं. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की आमच्याकडे होड्या किनाऱ्यावर वर ओढतात. नाखवा फळीन्‌फळी ठोकून बघतो, आवाजावरून त्याला कळतं. होडी बुडाली म्हणून तिला वर घेत नाहीत; बुडू नये म्हणून घेतात. दर १८० दिवसांनी होणारी तपासणी ही तशी होती.

आता माझी चूक सांगतो.

रोज सकाळी दहा-बारा मिनिटं हा प्रकार बघून मी वैतागलो. एकदा तर तपासणी संपायच्या आत वीज गेली, दोन तासांनी आली, आणि कारकून पुन्हा पहिल्या फेरीपासून सुरू. मी भाच्याला फोन लावला. म्हटलं, "हे बंद कर." तो म्हणाला, "मामू, रोज होतंय म्हणजे काहीतरी कारण असणार. सुट्टीत आलो की बघतो." मी म्हटलं, "कारण राहू दे, तू ते बंद कसं करायचं तेवढं सांग." त्यानं फोनवर एकेक अक्षर उच्चारून आज्ञा सांगितली, मी ती टाइप केली. 'ट्यून-टू-एफएस', पुढे दोन ठिकाणी शून्य. एक शून्य दिवसांसाठी, एक वेळांसाठी. म्हणजे आता दिवसही मोजू नकोस आणि वेळाही मोजू नकोस.

दुसऱ्या दिवशी चहाला उकळी फुटायच्या आत कॉम्प्युटर उघडला. मी खूश. दोष गेला असं मला वाटलं. खरं तर दोष तसाच होता. तो सांगणाऱ्याचं तोंड मी बंद केलं होतं.

२००६ साली मी एक माइक आणला आणि अम्मीला समोर बसवलं. आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरांत लग्नाची गाणी असतात, हळदीची, मेंदीची, पाठवणीची. ती कुठं लिहिलेली नसतात. बायका एकमेकींकडून ऐकून शिकतात. अम्मीला खूप येत होती. आधी लाजली, मग गायला लागली. पंख्याचा आवाज येतो म्हणून आम्ही पंखा बंद करायचो आणि घामाघूम होऊन बसायचो. चार संध्याकाळी मिळून चौदा गाणी झाली. ती मी एका फोल्डरमध्ये ठेवली.

पुढच्या वर्षी अम्मी गेली. ते फोल्डर मी उघडू शकलो नाही. एक वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. कविता लिहायचो, पत्रं लिहायचो, पण त्या फोल्डरवर हात जायचा नाही. माणसाचं असं होतं, ते तुम्हाला समजेल. कॉम्प्युटरचं काय झालं ते मात्र समजून सांगायला हवं. लिनक्सला डिस्कवर काही बिघडलेलं दिसलं, तर मी घातलेले शून्य असूनही ते पुढच्या वेळी तपासणी करतंच. पण त्याला दिसायला त्या जागी कोणी जायला तर हवं! मी तिकडे जात नव्हतो आणि कारकुनाला मी घरी बसवलं होतं. वखारीच्या त्या कोपऱ्यात कोणाचंच पाऊल पडत नव्हतं, आणि नेमकी तिथंच डिस्क खराब होत चालली होती.

२००८ साली घरात लग्न निघालं. बहीण म्हणाली, "अम्मीची गाणी लाव." मी फोल्डर उघडलं. पहिलं गाणं लागलं. दुसऱ्यावर पडद्यावर लाल खुणेची पाटी आली: वाचता येत नाही. तिसरंही तसंच. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला, तर त्या रात्री तपासणी सुरू झाली ती पहाटेपर्यंत चालली. डिस्कमधून टक टक असा आवाज येत होता. खराब जागा वाचता आली नाही की डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. एकेका जागेवर काही सेकंद अडून बसते. तपासणी तासन्‌तास चालते तेव्हा हे एक कारण असू शकतं.

सकाळी तपासणी संपली. फोल्डर जवळजवळ रिकामं होतं. पण लिनक्समध्ये डिस्कवर एक खास जागा असते, 'लॉस्ट अँड फाउंड' नावाची. एसटी स्टँडवर हरवलेल्या सामानाची खोली असते तशी. ज्या पत्रकांना नाव उरलेलं नाही पण माल आहे, ती कारकून तिथं आणून ठेवतो. नावाऐवजी नुसता नंबर. मी एकेक नंबर उघडून बघत गेलो. कुठे माझीच एखादी जुनी कविता, कुठे कसला तरी कचरा, आणि मध्येच पंखा बंद केलेल्या खोलीतली शांतता आणि अम्मीचा खाकरण्याचा आवाज.

चौदापैकी नऊ गाणी मिळाली. त्यांतलं एक अर्ध्यावर तुटतं.

भाचा आला. त्यानं आधी डिस्कची मिळेल तेवढी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवली, मग बाकीचं बघायला लागला. त्यानं मला समजावलं, की असा टक टक आवाज येत असताना आधी तपासणी करायची नसते, आधी नक्कल काढायची असते. तपासणीच्या धावपळीत मरायला टेकलेली डिस्क पुरती मरते. मग तो माझ्या कवितांची यादी बघत बसला आणि म्हणाला, "मामू, तुम्ही या सगळ्या कविता एकाच दिवशी लिहिल्यात का?"

मी म्हटलं, म्हणजे? तो म्हणाला, "सगळ्यांवर तारीख १ जानेवारी २००२."

आता त्या १३६ वर्षांचं कोडं सुटतं. कॉम्प्युटरच्या आत रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. कॉम्प्युटर बंद असताना आतलं घड्याळ त्याच्यावर चालतं. माझा सेल संपला होता. विजा चमकतात म्हणून मी रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करायचो. बटण बंद झालं की घड्याळ थांबायचं आणि सकाळी पुन्हा कारखान्यात बसवलेल्या तारखेपासून, १ जानेवारी २००२, रात्री बारा वाजून शून्य मिनिटांपासून चालू व्हायचं. रोज सकाळी तोच दिवस, तीच वेळ.

कारकून त्या घड्याळाप्रमाणे बारा वाजून एक मिनिटानं कामाला लागायचा आणि बारा वाजून दहा-बारा मिनिटांनी वहीत नोंद करायचा: 'आज बारा वाजून दहा मिनिटांनी तपासलं.' दुसऱ्या सकाळी पुन्हा बारा वाजून एक मिनिट! वही म्हणते तपासणी बारा-दहाला झाली, घड्याळ म्हणतं आता बारा-एक. एकातून दहा वजा करायचे. पण दिवस मोजणाऱ्या त्या कोष्टकात उणे आकड्याला जागाच नव्हती. गाडीचं किलोमीटरचं मीटर शून्यावरून एक आकडा मागे फिरवलं तर काय दिसेल? सगळे नऊ. तसंच झालं. ते कोष्टक ज्या आकड्याशी भरतं तो आकडा आहे ४,२९,४९,६७,२९६ सेकंद. त्याचे दिवस करा: ४९,७१०. वर्षं करा: १३६.

म्हणजे कारकून वेडा नव्हता. खोटं बोलत नव्हता. त्याच्या परीनं तो रोज मला सांगत होता की घड्याळ बिघडलं आहे. श्रीवर्धन रस्त्यावरच्या एका घड्याळवाल्याकडे तो सेल मिळाला. किंमत तीस रुपये.

मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे, की तो सेल २००५ मध्येच बदलला असता आणि दर सहा महिन्यांची तपासणी चालू ठेवली असती, तर गाणी वाचली असती का? खात्री देता येत नाही. तपासणी नोंदी दुरुस्त करते, गेलेला माल परत आणत नाही. पण ती चालू असती, तर पहिलं गाणं गेलं तेव्हाच कदाचित कळलं असतं. आणि तेव्हा अम्मी होती. तिला म्हणता आलं असतं, हे एक पुन्हा गा.

आता तुमच्यापैकी ज्यांच्या घरी, शाळेत किंवा कचेरीत लिनक्स आहे आणि ते उघडायला वेळ लावतं, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. आज्ञा इंग्रजीत टाइप करायच्या असतात. मी त्या उच्चाराप्रमाणे सांगतो आहे.

पहिली गोष्ट, खरंच तपासणीच चालली आहे का, ते बघा. आजच्या लिनक्समध्ये 'सिस्टिमडी-अनालाइझ', मग जागा सोडून 'ब्लेम' अशी आज्ञा दिली, की सुरू होताना कोणी किती वेळ खाल्ला त्याची यादी मिळते. २०२१ साली माझा कॉम्प्युटर रोज बरोबर दीड मिनिट अडून बसायला लागला. मी तपासणीवर संशय घेतला. ती निर्दोष निघाली. मी एक जास्तीची डिस्क काढून टाकली होती, पण 'एफएसटॅब' नावाच्या यादीत तिचं नाव राहून गेलं होतं. लिनक्स तिची ९० सेकंद वाट बघायचं. आलेल्या पाहुण्याची झडती घेणं वेगळं आणि न येणाऱ्या पाहुण्याची वाट बघणं वेगळं. यादीतली ती ओळ काढली, काम झालं. डिस्क कधी जोडता, कधी नाही, असं असेल तर त्या ओळीत 'नोफेल' हा शब्द घालावा.

दुसरी गोष्ट, तपासणीच असेल तर ती कोणी मागितली ते बघा. 'ट्यून-टू-एफएस', जागा सोडून उणे चिन्ह आणि 'एल', पुढे डिस्कचं नाव, ही आज्ञा फक्त माहिती दाखवते, काही बदलत नाही. मागची तपासणी कधी झाली, डिस्क किती वेळा वापरात आली, मर्यादा किती, हे तिथं लिहिलेलं असतं. तारीख भलतीच दिसली तर सेल बघा. २०११ नंतर नव्यानं बसवलेल्या बहुतेक डिस्कवर दिवस आणि वेळा मोजणं मुळातच बंद ठेवलेलं असतं. नव्या कॉम्प्युटरवर अचानक लांबलचक तपासणी सुरू झाली तर तिला कारण आहे असं समजा. आणि जिथं ती बंदच आहे तिथं तीन-चार महिन्यांतून एकदा, आपल्या सवडीच्या दिवशी, ती करून घेण्याचं काम आपलं. होडी वर ओढायचा दिवस आपणच ठरवायचा.

तिसरी गोष्ट, डिस्कची तब्येत. डिस्क स्वतःच्या दुखण्यांची नोंद स्वतःच ठेवते. त्या व्यवस्थेला 'स्मार्ट' म्हणतात, आणि ती वाचायला 'स्मार्टसीटीएल' नावाचा प्रोग्राम आहे. खराब म्हणून बाजूला टाकलेल्या जागांचा आकडा त्यात असतो. तो आकडा वाढत असेल, तर तपासणी, दुरुस्ती सगळं बाजूला ठेवा आणि आधी नक्कल काढा. अशा डिस्कवरून नक्कल काढण्यासाठी 'डीडी-रेस्क्यू' नावाचा मोफत प्रोग्राम मिळतो. तो चांगल्या जागा आधी उचलतो आणि वाईट जागांशी झगडा शेवटी करतो.

चौथी गोष्ट, दोन पथ्यं. तपासणी चालू असताना बटण बंद करू नका. कारकून नुसता वाचत असेल तर बिघडत नाही, पण दुरुस्ती लिहीत असेल तर बिघडतं, आणि बाहेरून आपल्याला ते कळत नाही. आणि वापरात असलेल्या डिस्कवर दुरुस्तीची तपासणी चालवू नका. माल ने-आण चालू असताना वखारीची मोजदाद कोणी करतं का? पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करायचं आणि मग डिस्क तपासायची. ज्यांना हे पायरीपायरीनं शिकायचं आहे त्यांच्यासाठी मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे मराठीतून धडे आहेत, मोफत आहेत.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. वारा सुरू झाला आणि वीज गेली तेव्हा माझा कॉम्प्युटर चालूच होता. घरावरची कौलं गेली, माड आडवे झाले. आम्ही कॉम्प्युटर ताडपत्रीत गुंडाळून पलंगाखाली सरकवला. नंतर कित्येक आठवडे वीज नव्हती. ती आली त्या संध्याकाळी मी भीत भीत बटण दाबलं. डिस्क नवी, ५०० जीबीची, आणि तिच्यावर 'एक्स्ट-फोर', २००८ साली स्थिर झालेली पुढची सुधारणा. पडद्यावर एक ओळ आली, 'कीर्द उतरवून घेत आहे' अशा अर्थाची. चार-पाच सेकंद. आणि कॉम्प्युटर उघडला. वादळाच्या सकाळी मी अर्धवट सोडलेली कवितासुद्धा तशीच होती, शेवटची एक ओळ सोडून.

त्या संध्याकाळी मी त्या डिस्कची पूर्ण तपासणीही करून घेतली. कोणी मागितली नव्हती. करून घेतली.

अम्मीची नऊ गाणी आता चार ठिकाणी आहेत: या कॉम्प्युटरवर, कपाटातल्या एका डिस्कवर, मुंबईला बहिणीकडे आणि कुवेतला भाच्याकडे. अर्ध्यावर तुटणारं गाणंही आहे. त्याची पुढची ओळ मी गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारली. दोघींनी दोन वेगळ्या ओळी सांगितल्या. अम्मीची कुठली, ते सांगणारं आता कोणी नाही.

तर श्रोतेहो, आज संध्याकाळी कॉम्प्युटर लावाल तेव्हा कोपऱ्यातली तारीख तेवढी बघा. चुकीची असेल, तर उद्याच घड्याळवाल्याकडे जा. आणि जे फोल्डर फार दिवस उघडलेलं नाही, ते एकदा उघडून बघा.

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)